नावाचा हर्रास

मोगल दफ्तरांत वऱ्हाड सुभ्यातील ज्या मेहकर सरकारचा निर्देश आढळतो, त्याच्या मुलखात, घाटावरच्या म्हणजे बालाघाटच्या पठारावर वसलेले डोणगाव आज बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात मोडते. आणि नागपुराहून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव जहांगीर असे टप्पे घेत पश्चिमेकडे निघालेला जुना हमरस्ता या गावावरून मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना असा औरंगाबादेस (आताच्या छत्रपती संभाजीनगरास) पोचतो. या रस्त्याने वऱ्हाडचा कापूस गेला, तूर गेली, अलीकडे सोयाबीन जाते. आणि उलट दिशेने, औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींतून वऱ्हाडाकडे जो माल येतो, त्यात बाटल्यांच्या पेट्यांतून येणाऱ्या बिअरचाही वाटा आहे. ज्या पेयासाठी लागणारे धान्य आपल्या शिवारात पिकत नाही, ज्याचे नाव आपल्या भाषेतले नाही आणि ज्याच्या मालकाचे मुख वऱ्हाडातील कोणा माणसाने पाहिलेले नाही, असे ते पेय आहे; तरीही ज्या पाण्यावर ते तयार होते ते पाणी मात्र गोदावरीचे, आपल्याच महाराष्ट्राचे आहे.

बिअरची एखादी जुनी, नावाजलेली छाप विक्रीस निघाली आहे, अमुक परदेशी कंपनी ती घेणार किंवा तमुक कंपनी ती टाकणार, अशा वार्ता गेल्या पाव शतकात आपण अनेकदा वाचल्या. अशा वार्तेत रकमेचा आकडा ठळक असतो, भागधारकांचा नफा-तोटा असतो. परंतु या विक्रीत नेमके काय विकले जाते, आणि जे विकले जाते ते विकण्याचा अधिकार विकणाऱ्यास कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वऱ्हाडच्या माणसाने तो विचारावा याला एक ऐतिहासिक कारण आहे. या प्रांताने विक्रीचे आणि मक्त्याचे जितके प्रकार पाहिले, तितके फार थोड्या प्रांतांनी पाहिले असतील. इथे महसूल विकला गेला, दुकानाचा हक्क विकला गेला, आणि एकदा तर संबंध प्रांताचा अंमल त्याच्या नावापासून तोडून दुसऱ्याच्या हाती देण्यात आला.

प्रथम महसुलाची गोष्ट. निजामाच्या अमदानीत वऱ्हाडचा वसूल सरकारी कामगारांकरवी न करता सावकारांना इजाऱ्याने देण्याची वहिवाट होती. हैदराबादचा मोठा सावकार पूरणमल याच्याकडे वऱ्हाडचा फार मोठा भाग इजाऱ्याने होता. १८३९ साली इंग्रज रेसिडेंटाच्या दडपणाने त्याला दूर करण्यात आले आणि त्याचे परगणे पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीच्या ताब्यात गेले. दरबाराला दिलेल्या कर्जाऊ रकमांच्या फेडीसाठी चंदुलाल दिवाणाने या पेढीला पुढे वऱ्हाडच्या वसुलाच्या नेमणुकाही करून दिल्या, आणि चंदुलालाच्या पायउतारानंतर जेव्हा त्या परत मागण्यात आल्या, तेव्हा पेढीने सुखासुखी ताबा सोडला नाही. १८४५ च्या सुमारास तिला हुसकावून लावावे लागले. ज्या रयतेच्या घामातून हा वसूल निघत होता, तिला हे हस्तांतर केव्हा झाले, किती रकमेला झाले, कोणत्या अटींवर झाले, यातले काहीही विचारण्यात आले नाही. इजारदार बदलला की वसुलाचा शिपाई बदले, एवढीच काय ती खबर गावापर्यंत पोचे.

त्यानंतरचा प्रकार याहूनही विलक्षण होता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडचे जिल्हे निजामाने इंग्रजांच्या हवाली केले. पण हवाली केले म्हणजे दिले नाहीत. सार्वभौमत्व निजामाचे, वसूल व व्यवस्था इंग्रजांची, आणि वसुलातून फौजेचा खर्च भागून काही उरले तर ते निजामाचे, अशी ही रचना होती. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाशी नवा करार करून वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि पुढे तो मध्य प्रांताला जोडून टाकला; तरीही निजामाची नाममात्र मालकी अबाधित राहिली, इतकी की १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब लावण्यात येऊ लागला. सुमारे ९४ वर्षे, म्हणजे तीन पिढ्या, या प्रांताचे नाव एकाकडे आणि अंमल दुसऱ्याकडे होता. नाव आणि वस्तू यांची ताटातूट कायद्याच्या एका कलमाने करता येते, आणि ती झाली तरी शेतातले पीक पूर्वीसारखेच उगवते, हे वऱ्हाडने स्वतःच्या देहावर अनुभवलेले आहे. आजच्या व्यापारी व्यवहारांत ‘छाप वेगळी, कारखाना वेगळा, परवाना वेगळा’ असे जे त्रिभाजन दिसते, ते वऱ्हाडच्या इतिहासाच्या वाचकाला म्हणून फारसे अपरिचित वाटू नये.

आता दारूच्या धंद्याकडे वळू. वऱ्हाडचे जुने मद्य म्हणजे मोहाचे. मोहाच्या फुलात साखर निसर्गतःच भरलेली असते, ती फुले पाण्यात भिजत घालून आंबवली आणि भट्टीवर चढवून त्यांचा अर्क ओढला की दारू तयार होते; त्यासाठी धान्याला मोड आणावे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, थंडावा लागत नाही. त्याखेरीज शिंदीच्या झाडाचा रस होता, तो काढल्यावर काही तासांतच आंबू लागतो. हा धंदा परंपरेने कलाल समाजाकडे होता. या दारूला छाप नव्हती. ती ज्या गावी निघे त्या गावाची, किंवा ज्या भट्टीवर निघे त्या भट्टीची म्हणून ओळखली जाई, आणि गिऱ्हाईक तिची परीक्षा जिभेवर करी. बाटलीवरचा कागद पाहून करण्याचा प्रश्न नव्हता, कारण बाटलीही नव्हती आणि कागदही नव्हता.

इंग्रजी अमलात आबकारी हे महसुलाचे एक मोठे खाते बनले, आणि या खात्याची जी मुख्य रीत वऱ्हाडात रूढ झाली ती हर्रासाची. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा, असे एकदा गृहीत धरले की तो हक्क दुकानागणिक, गावागणिक लिलावाने विकता येतो. मग जो अधिक बोली बोलेल त्याला वर्षभराची सनद मिळते आणि त्या गावात त्याच्याशिवाय इतर कोणास दारू विकता येत नाही. आरंभी दुकानदाराला स्वतःच्या भट्टीवर दारू गाळण्याची मोकळीक होती, पुढे मध्यवर्ती भट्ट्यांतून ठरावीक तेजीची दारू पुरवण्याची पद्धत हळूहळू आली आणि गाळण्याचा अधिकार विकण्याच्या अधिकारापासून वेगळा झाला. १९१५ च्या मध्य प्रांत आबकारी कायद्याने या साऱ्या व्यवस्थेला पक्के रूप दिले. हर्रासात विकला जाई तो गावावरचा हक्क, अमुक वस्तीतील माणसांना वर्षभर दारू पुरवण्याची मक्तेदारी. दारूच्या गुणाशी किंवा तिच्या लौकिकाशी त्या बोलीचा संबंध नव्हता. बोली किती चढावी हे गावात माणसे किती, त्यांच्या हाती पैसा किती, कापसाचे पीक कसे आले, यावर ठरे. म्हणजे हर्रासाचा आकडा हा त्या गावाच्या बरकतीचा आणि त्याच वेळी त्याच्या ऱ्हासाचाही आकडा होता. बोली चढली की मक्तेदाराला तितकी अधिक दारू खपवावी लागे. आणि सरकारला हे ठाऊक असूनही महसुलाच्या लोभाने ते थांबवता आले नाही, हे आबकारीच्या इतिहासातले सर्वांत लज्जास्पद पान आहे. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेस लिहिले ते याच महसुली धोरणाची झळ पाहून; आणि वऱ्हाडात गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून दारूवर जो प्रहार केला, त्याच्या मागेही मक्त्याने नागवलेल्या घरांचे प्रत्यक्ष दर्शन होते.

या संबंध व्यवस्थेत बिअर कोठे होती? ती गावात नव्हती. ती छावणीत होती. इंग्रज सैनिकासाठी ती प्रथम जहाजाने येई. मग हिमालयाच्या थंड हवेत, कसौलीला, एडवर्ड डायरने कारखाना काढला, आणि पुढे एच. जी. मीकिनने सिमला व कसौलीचे कारखाने घेऊन राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग आणि आपल्या पुण्याजवळची खडकी येथे कारखाने उभे केले. बहुतेक कारखाने डोंगरावर आणि खडकीचा लष्कराच्या छावणीशेजारी, ही मांडणी अर्थपूर्ण होती: सातूला मोड आणून, भाजून, उकळून केलेला रस मंद थंडाव्यात आंबवावा लागतो, आणि बर्फाची यंत्रे सार्वत्रिक होईपर्यंत पठारावर ते काम अवघड होते. म्हणूनच वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बिअर ही साहेबाच्या बंगल्याबाहेर कधी पडली नाही. मीकिन आणि डायर यांची नावे पुढे एकत्र आली, १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांनी तो धंदा विकत घेतला आणि कालांतराने नावात डायरच्या जागी मोहन आले. आपल्या देशातल्या या सर्वांत जुन्या बिअरच्या घराण्यालासुद्धा विक्रीचा आणि नामांतराचा इतिहास आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर १९५९ च्या विस्तार कायद्याने तोच कायदा वऱ्हाडातही लागू झाला. १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने, ज्याचे नेतृत्व त्या काळात बहुतांशी वऱ्हाडच्याच वसंतराव नाइकांकडे होते, ही बंदी शिथिल केली. परवान्याची अट कागदावर राहिली, आणि ती आजही आहे; परंतु उत्पादनाची दारे उघडली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जागा दिली, १९७६ मध्ये पुरे झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाने पाणी दिले, आणि शीतयंत्रांनी हवामानाची अडचण दूर केली. अशा रीतीने, एरवी ज्याला बिअरसाठी निसर्गाने अपात्र ठरवले होते त्या मराठवाड्याच्या रखरखीत पठारावर औरंगाबाद हे बिअर-उत्पादनाचे देशातले एक मोठे केंद्र बनले. सातू राजस्थान-हरियाणाकडून आणावा, कडवटपणासाठी लागणारी हॉपची फुले बहुतांशी युरोपातून आणावीत, आणि पाणी तेवढे येथले घ्यावे, असा हा उद्योग आहे.

याच औरंगाबादेत १९९० नंतरच्या दशकात ‘फॉस्टर्स’ ही ऑस्ट्रेलियन छाप आली. या नावाचा जन्मवृत्तान्त ऐकण्यासारखा आहे. विल्यम व राल्फ फॉस्टर हे दोन अमेरिकन बंधू १८८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कहून मेलबर्नला गेले, बर्फ करण्याची यंत्रे आणून त्यांनी तेथे थंड बिअरचा कारखाना उभारला, १८८८ च्या सुमारास बिअर बाजारात आणली, आणि पुढच्याच वर्षी कारखाना विकून ते मायदेशी परतले. ज्यांचे नाव शंभरावर वर्षे बाटलीवर मिरवले, त्यांनी ते जेमतेम दोन वर्षेही स्वतःजवळ ठेवले नाही. १९०७ मध्ये मेलबर्नच्या कारखान्यांचे एकीकरण होऊन ‘कार्लटन अँड युनायटेड’ झाले, नाव त्यांच्याकडे गेले, आणि पुढे ते इतके थोर झाले की मूळ कंपनीनेच स्वतःला फॉस्टर्स म्हणवून घेतले. म्हणजे ही छाप जन्मतःच विकलेली होती. विक्री हा तिच्या आयुष्यातला अपघात नसून तिची प्रकृतीच आहे.

२००६ साली या कंपनीने द्राक्षमद्याच्या धंद्याकडे लक्ष वळवण्याचे ठरवले आणि नावाची वाटणी आरंभली. युरोपातला नावाचा हक्क त्या वर्षी स्कॉटिश अँड न्यूकॅसल या ब्रिटिश कंपनीस गेला. आणि ऑगस्टमध्ये भारतातला व्यवहार, औरंगाबादच्या कारखान्यासह, सॅबमिलर कंपनीस १२ कोटी अमेरिकन डॉलर्सना विकण्याचा करार झाला. एकाच नावाचे खंडाखंडांनी तुकडे करून ते निरनिराळ्या धन्यांना विकता येतात, ही गोष्ट मला कायद्याच्या दृष्टीने सुबोध पण विचाराच्या दृष्टीने अत्यंत विचित्र वाटते. शेताची वाटणी होते तेव्हा बांध घालता येतो; नावाला बांध कोठे घालावा? पण बांध घातला गेला. पुढे युरोपातला तुकडा हायनेकेन या बिअर कंपनीकडे गेला, आणि तीच हायनेकेन २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीजमधील आपला हिस्सा ६१.५ टक्क्यांवर नेऊन भारतातल्या ‘किंगफिशर’ची अधिपती झाली. म्हणजे जी कंपनी युरोपात फॉस्टर्स विकते, तीच भारतात फॉस्टर्सच्या प्रतिस्पर्ध्याची मालक आहे. पूर्वीच्या संस्थानिकांच्या मुलखांचे नकाशे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना एका अंमलाच्या पोटात दुसऱ्याचे गाव कसे असे ते आठवेल.

२००६ च्या या विक्रीतून एक वाद निघाला, आणि माझ्या मते आपल्या देशात नावाच्या मालकीविषयी जितके काही बोलले गेले आहे, त्यात हा वाद अग्रगण्य आहे. आयकर खात्याचे म्हणणे असे की विकलेल्या रकमेतला जो भाग नाव, चिन्हे आणि बिअर करण्याची गुप्त विद्या यांच्यापोटी आला, तो भारतातील मालमत्तेच्या विक्रीतून आला, म्हणून त्यावर भारतात कर द्यावा. कंपनीचे म्हणणे असे की ही चिन्हे ऑस्ट्रेलियातील कंपनीची, भारतातील कंपनीला १९९७ च्या कराराने ती वापरण्याचा केवळ परवाना दिलेला होता. करार भारताबाहेर झाला, मालक भारताबाहेरचा, म्हणून मालमत्ताही भारताबाहेरची. २००८ साली आयकराच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने खात्याची बाजू घेतली. ही चिन्हे भारतात नोंदलेली आहेत, भारतात वापरली गेली, येथल्या प्रयत्नांनी त्यांना मोल आले, तेव्हा ती भारतात रुजलेली मानली पाहिजेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २५ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अमूर्त मालमत्तेचे स्थान कोठे मानावे याविषयी आपल्या कायदेमंडळाने नियम केलेला नाही. कंपन्यांच्या भागांबाबत आयकर कायद्यात तशी खास तरतूद आहे, पण नावा-चिन्हांबाबत नाही. आणि ती नसल्याने जगभर मान्य असलेले तत्त्व लावावे लागते, ते असे की अमूर्त वस्तू तिच्या धन्याच्या पाठोपाठ जाते, धनी जेथे तेथे ती. फॉस्टर्सचा धनी ऑस्ट्रेलियात, म्हणून फॉस्टर्स हे नावही ऑस्ट्रेलियात.

न्यायालयाच्या निर्णयाच्या शुद्धतेविषयी मला शंका नाही. कायद्यात जे नाही ते न्यायाधीशाने निर्माण करू नये, ही मर्यादा आहे आणि ती पाळली गेली. परंतु याच २०१६ सालात, हा निकाल येण्यापूर्वी तीनच महिने, आणखी एका न्यायालयाने आणखी एक आदेश दिला होता, आणि हे दोन आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत असे मला तीव्रतेने वाटते. त्या उन्हाळ्यात मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. जायकवाडीचा उपयुक्त साठा आटलेला. अशा वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये आदेश दिला की बिअर व मद्याच्या कारखान्यांचे पाणी प्रथम निम्म्याने आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ६० टक्क्यांनी तोडावे, कारण पिण्याच्या पाण्याचा हक्क अग्रक्रमाचा आहे. या आदेशात बिअर अगदी निःसंदिग्धपणे औरंगाबादची होती: तिचे पाणी पैठणचे, तिचा नळ वसाहतीतला, तिची तहान शेजारच्या गावांच्या तहानेशी भांडणारी. जुलैमध्ये त्याच प्रकारच्या पेयाचे नाव मात्र मेलबर्नचे ठरले. एप्रिलमध्ये पाणी मागताना ती येथली असते, आणि जुलैमध्ये कर देण्याची वेळ आली की ती तेथली असते. ही विसंगती कोणा एका कंपनीच्या लबाडीने निर्माण झाली असे मी म्हणत नाही; ती कायद्याच्या पोकळीने निर्माण झाली आहे, आणि म्हणूनच ती अधिक चिंताजनक आहे, कारण लबाडाला पकडता येते, पोकळीला पकडता येत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एबी इनबेव या बेल्जियममधील महाकाय कंपनीने सॅबमिलरला गिळले, आणि औरंगाबादचा कारखाना व भारतातले ते नाव आणखी एका धन्याकडे गेले. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नसावीत असा हुकूम दिला, आणि पुढच्या मार्चअखेर, वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केले. डोणगावसारख्या, हमरस्त्यावर वसलेल्या गावांना हा हुकूम थेट भिडणारा होता. अशा रीतीने एका वर्षात बिअरचे पाणी औरंगाबादेत, तिचे नाव दिल्लीत, तिची मालकी ब्रुसेल्स-लंडनकडे आणि तिचे दुकान पुन्हा दिल्लीत ठरले. पण यांपैकी एकाही ठिकाणी, ज्या गावात ती अखेर प्यायली जाते त्या गावाचे म्हणणे ऐकले गेले नाही.

गावाचे म्हणणे ऐकण्याची एक सोय मात्र महाराष्ट्रात आहे, आणि तिचे श्रेय मुख्यतः आपल्या स्त्रियांच्या चळवळीस आहे. २००८ च्या शासकीय आदेशान्वये गावातील किंवा प्रभागातील मतदारांनी, विशेषतः स्त्री-मतदारांनी, पुरेशा सह्यांनिशी मागणी केली की दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि ठरलेल्या बहुमताने ‘आडव्या बाटली’स, म्हणजे बंदीच्या चिन्हास, मत पडले की दुकान बंद होते. विदर्भात वर्धा जिल्हा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखाली आहेत; चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या बंदीच्या परिणामांविषयी मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. परंतु जुन्या हर्रासात गावाला जे कधीच मिळाले नव्हते, म्हणजे आपल्यावर लादलेल्या दुकानाविषयी ‘नको’ म्हणण्याचा अधिकार, तो आडव्या बाटलीने मिळवून दिला, ही गोष्ट मी अतिशय मोठी मानतो.

तरीही या अधिकाराची हद्द दुकानापर्यंतच आहे. दुकानाच्या पलीकडे, जेथे छापेची किंमत ठरते तेथे, गाव पोचत नाही. छापेला मोल कोण देतो याचा शांतपणे विचार करावा. बाटलीवरच्या नावास जी किंमत येते ती मेलबर्नच्या कचेरीत बसलेल्या माणसांच्या बुद्धीतून काही अंशी येते हे खरे. पण तीच किंमत कारखान्यात पाळ्या करणाऱ्या कामगारांच्या कौशल्यातून, जायकवाडीच्या पाण्यातून, मालमोटारी हाकणाऱ्यांच्या रात्रींतून, आणि गावागावांत ते नाव ओळखून मागणाऱ्या हजारो माणसांच्या खिशातूनही येते. या पिणाऱ्यांच्या घरांतली हानीही त्या किमतीत दडलेली आहे, आणि ती हानी ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात चढत नाही. नाव विकले जाते तेव्हा या सर्वांच्या श्रमाचा आणि सोसण्याचा संचित भाग एका स्वाक्षरीसरशी विकला जातो, आणि विक्रीच्या रकमेतला एक पैसाही त्या पाण्याकडे किंवा त्या घरांकडे परत येत नाही. हर्रासातला पैसा निदान प्रांताच्या खजिन्यात येई. तो खजिना परक्याचा असला तरी त्यातून येथले रस्ते, येथल्या शाळा थोड्याफार चालत. नावाच्या विक्रीतला पैसा प्रांतात येतही नाही.

कोणी म्हणेल की कंपन्या अबकारी शुल्क देतातच, आणि ते जबर असते. देतात, हे खरे. परंतु ते शुल्क बाटलीवर असते, नावावर नसते, आणि ते शेवटी पिणाराच भरतो. नावाचे मोल मात्र वर्षानुवर्षे साचत जाते, आणि ते मोकळे होते ते विक्रीच्या एका दिवशी. त्या दिवशी राज्याचा हात रिता राहतो. वऱ्हाडच्या बाबतीत निजाम वर्षाला २५ लाख घेऊन नावाचा धनी राहिला आणि अंमलाचे फळ दुसऱ्याने खाल्ले. आजच्या व्यवहारात त्याच्या उलट घडते, नावाचा धनीच सारे फळ घेतो आणि ज्याच्या भूमीत ते पिकले त्याला खंडही मिळत नाही.

यावर उपाय न्यायालयाच्या हाती नाही, हे दिल्लीच्या निकालाने स्पष्टच सांगितले आहे. तो कायदेमंडळाच्या हाती आहे. परदेशी कंपनीच्या भागांचे मोल जर मुख्यतः भारतातील मालमत्तेतून येत असेल तर ते भाग भारतातले मानावेत अशी तरतूद संसदेने यापूर्वी केलेली आहे. भारतात नोंदलेल्या, भारतातल्या पाण्यावर आणि भारतातल्या ग्राहकांवर वाढलेल्या व्यापारी नावांबाबत तशीच तरतूद करणे कठीण नाही. ती केली तर पुढच्या वेळी एखादी जुनी छाप विक्रीस निघेल तेव्हा तिच्या किमतीतला न्याय्य हिस्सा येथे राहील. आणि तो राहिला तर त्यातला काही भाग ज्या खोऱ्याचे पाणी वापरले गेले त्या खोऱ्यातील गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनांसाठी आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी बांधून द्यावा, अशी माझी विनंती आहे. बुलढाणा, छत्रपती संभाजीनगर आणि जालना या जिल्ह्यांतून संसदेत व विधिमंडळात जाणाऱ्या प्रतिनिधींनी ही मागणी आपापल्या सभागृहात मांडावी.